भिंतीकडे तोंड केलेला आरसा

मामा रोज सकाळी दुकानाचं कुलूप काढण्याआधी दोनदा खोकायचा. खोकला झालेला नसायचा. आत झोपलेल्यांना आपण आल्याचं कळावं, एवढंच. मग आत जाऊन तो एकेका आरशावरची चादर काढायचा, पण स्वतः बाजूला उभा राहून, मान वळवून. "उठल्या उठल्या माणसाचं तोंड नको त्यांना," तो म्हणायचा. "आधी समोरची भिंत बघू दे. भिंत काही मागत नाही."

जुन्या आरशांना नवी चांदी चढवणं हा त्याचा धंदा. चार मजली इमारतीच्या तळाला, जिन्याच्या शेजारी, लांबट खोली. दारातच अमोनियाचा वास नाकात घुसायचा. मधोमध एक टेबल, त्याच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या, कारण टेबल केसभर जरी कललं तरी चांदीचं पाणी एका बाजूला पळतं. मामा जुनी चांदी उतरवून काच धुवायचा आणि तिच्यावर ते पाणी ओतून गप्प बसायचा. पाणी आधी तपकिरी व्हायचं, मग शाईसारखं काळं. आता सगळं नासलं असं वाटावं, त्या क्षणी काळ्याखालून चांदी उजळायची.

आरसा थकतो, अशी मामाची खात्री होती. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं बघून थकतो, आणि बघितलेलं सगळं त्याच्यात साचून राहतं. म्हणून कामाला घेण्याआधी तो प्रत्येक आरशाला आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. विश्रांती. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचा, "तुम्ही दवाखान्यात जाता तेव्हा डॉक्टर लगेच सुरी काढतो का?" गल्लीतली सगळी माणसं त्याला मामाच म्हणायची, पण मामा बनवणं मात्र कुणाला जमलं नाही. माझी आई, म्हणजे त्याची सख्खी बहीण, कपाळाला हात लावायची. "दादा, लग्न केलं असतंस तर चादरी मुलांवर घातल्या असत्यास."

दुकानाच्या मागची खोली त्याने काचवालीला पोटभाड्याने दिली होती. काचवाली तिशीची, केस मुलासारखे कापलेले, बोटांना कायम चिकटपट्ट्या. "मी काचकाम करते," एवढंच तिने सांगितलं होतं. काचकाम म्हणजे काय, ते तिसऱ्या दिवशी आवाजाने कळलं. ती भंगारातले आरसे विकत आणायची, फोडायची आणि तुकडे भिंतीत बसवून चित्रं करायची.

त्या दिवशी मामा तिच्या खोलीत गेला, परत आला आणि तांब्याभर पाणी प्यायला. मग दारात उभा राहून म्हणाला, "फोडायच्या आधी मला देत जा. चांदी उतरवून देईन. आतलं सुटतं तरी."

"चांदी उतरवली की नुसती काच राहते, मामा. मला आरसा लागतो."

"त्यात माणसं असतात गं."

"म्हणूनच फोडते. आख्खा आरसा खोटं बोलतो. सगळं दाखवल्याचा आव आणतो. तुकड्याला थोडंच दिसतं, पण तेवढं खरं असतं."

मामाला हे पटलं नाही. त्याचंही तिला पटलं नाही. पण त्याने तिला जा म्हटलं नाही. ती हातोडी चालवायची तेव्हा तो टेबलावरच्या आरशावर तळवा पसरून बसायचा, एखाद्याचे कान झाकावेत तसा.

गल्लीत दोघांची टिंगल चालायची. एक झाकतो, एक फोडते, असं म्हणत. पण तिसऱ्या वर्षी टिंगलीचा सूर बदलला. कुणाच्या तरी पायात जिन्यावर काच गेली. मग कुणी म्हणालं, ती बाई जादूटोणा करते. तिच्याकडे नाना तऱ्हेची माणसं येतात, कुणी निळ्या केसांचं, कुणी अनवाणी. इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी कागद घेऊन दारोदार फिरले. तिला काढा, म्हणून बावीस सह्या झाल्या. पण खोली मामाच्या नावावर होती. त्याच्या सहीशिवाय त्या बावीस सह्यांचा उपयोग नव्हता.

आणि खोली गेली तर काचवालीचं सगळंच जाणार होतं. चौदा महिने ती एकच चित्र करत होती, खोलीच्या भिंतीवरच, गिलाव्यात तुकडे रोवून. ते उचलून नेण्यासारखं नव्हतं. महिनाअखेरीला लोक ते बघायला येणार होते. अजून हातभर भिंत उरली होती.

सेक्रेटरी गुरुवारी सकाळी आले ते कागद घेऊन नव्हे, आरसा घेऊन. पुरुषभर उंच, कडेने काळे डाग पडलेला. त्यांची आई वर्षापूर्वी गेली, तिच्या खोलीतला. "याचं काम तुम्हीच करा," ते म्हणाले. "आणि त्या सहीचं शनिवारी बघू. मी येतो."

आरसा दुकानात मावेना. टेबलावर एक काच सुकत होती, भिंती भरलेल्या. म्हणून मामाने तो मागच्या बोळात ठेवला, भिंतीकडे तोंड करून. तिथे अमोनियाचा वासही कमी येतो, त्याला बरं वाटेल, असा विचार. मग तो पाण्याचे कॅन आणायला गेला.

चूक झाली ती इथे. भंगारवाला काचवालीसाठी आरसे आणायचा तेव्हा त्याच बोळात टेकवून जायचा. तोही भिंतीकडे तोंड करून, उन्हाची तिरीप लोकांच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून. बोळातला पाठमोरा आरसा तिचा, हे तीन वर्षं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं, तरी ठरलेलं होतं.

मी दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा हातोडीचा आवाज येत होता. मागोमाग मामा आला. बोळात थांबला.

"इथला आरसा?"

"घेतला की," आतून ती आनंदाने ओरडली. "काय डाग आहेत मामा! असे काळे डाग मिळत नाहीत हल्ली."

"तो भंगारवाल्याने नव्हता ठेवला."

हातोडी थांबली. ती बाहेर आली. कुणाचा ते मामाने सांगितलं. मामा तिच्या खोलीत गेला, गुडघ्यावर बसला आणि एकेक तुकडा उचलून पालथा ठेवू लागला. बोट कापलं तरी थांबला नाही.

"मी सांगते त्यांना," ती म्हणाली. "माझी चूक आहे."

"थांब."

"मामा, ते मला..."

"थांब म्हटलं ना."

डबा तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी आईने त्याला घरी धरलं. "सही करून टाक, दादा. आरसा तिने फोडला, भोगू दे तिला. उद्या ते तुलाही बाहेर काढतील. या वयात टेबल घेऊन कुठे फिरणारेस? आणि तुझ्याच मते ती खून करते ना?"

"माझ्या मते करते."

"मग?"

"तिच्या मते मी मुडद्यांना पांघरूण घालतो. ते ऐकून घेते ना ती? तीन वर्षं त्या चादरींना धक्का लागू न देता येते-जाते."

"म्हणजे तू सही करणार नाहीस."

"ते मला उद्या कळेल," मामा म्हणाला आणि अंघोळीला गेला. आईला हे उत्तर रागापेक्षा जास्त लागलं. मामाला ठाऊक नाही, असं तिने कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी मी मुद्दाम दहालाच गेले. मामाने सगळ्या चादरी काढल्या होत्या, पण काम काढलं नव्हतं. काचवाली तिच्या दाराच्या चौकटीत उभी होती. सेक्रेटरी आले, इकडेतिकडे बघितलं.

"कुठेय?"

"फुटला," मामा म्हणाला.

"कसा फुटला?"

"मी फोडला," काचवाली म्हणाली.

"तू आत जा," मामा तिला म्हणाला.

"नाही जाणार. मी फोडला, साहेब. मला वाटलं माझा आहे."

सेक्रेटरी ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. बराच वेळ चप्पलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. "आई त्यात बघून केस विंचरायची," ते म्हणाले. "आम्ही मागे काय दंगा करतोय ते तिला त्यात दिसायचं. मान न वळवता नाव घेऊन हाक मारायची. आम्हाला वाटायचं, हिला पाठीला डोळे आहेत."

रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

मग त्यांनी खिशातून कागद काढला, टेबलावर ठेवला, तळव्याने सपाट केला. "सही करा, मामा. आरशाचं मी विसरतो. नाहीतर पुढचा कागद तुमच्या नावाचा निघेल. गिऱ्हाइकाची वस्तू सांभाळता येत नाही, ॲसिडं ठेवता, खाली बसून सगळी इमारत धोक्यात घालता. सह्या मिळायला मला एक संध्याकाळ पुरेल."

"पेन द्या," मामा म्हणाला.

काचवालीने डोळे मिटले. मामाने चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. मग तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागला. त्याचं अक्षर मोठं, मुलांसारखं. लिहायला वेळ लागायचा. सेक्रेटरींनी मान वाकडी करून वाचलं: आरसा मी चुकीच्या जागी ठेवला म्हणून तो फुटला. जबाबदारी माझी. खाली सही, तारीख.

"हे काय?"

"सही मागितलीत. दिली."

"मामा, थट्टा पुरे. तुम्हाला पटतं का हो, ही करते ते?"

"एक दिवसही नाही पटलं."

"मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

मामाने चष्मा काढला. "माझ्या या चादरी तुम्हाला पटतात?"

"खरं सांगू? वेडेपणा आहे."

"तरी आईचा आरसा माझ्याकडेच आणलात."

सेक्रेटरी उठले. आता ते काय करतील ते कुणालाच कळत नव्हतं. "तुकडे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं, मामाला नव्हे, तिला.

तिने ते एका मोठ्या ताटात आणले. सगळे पालथे, जसे मामाने ठेवले होते तसेच. सेक्रेटरींनी दोन-तीन उलटले. कसला तरी डाग शोधत होते. मग हातात मावेल एवढा एक तुकडा रुमालात गुंडाळून खिशात टाकला. त्याच खिशात कागदही कोंबला.

"बाकीचं?" तिने विचारलं.

"बाकीचं तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले आणि गेले.

पुढचा कागद निघाला नाही. पण निघणार नाही हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं? कितीतरी महिने जिन्यावर पावलं वाजली की मामाचा हात थांबायचा. सेक्रेटरी त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांच्या घरातले बाकीचे आरसे दुसरीकडे जाऊ लागले, आणखी पाच-सहा घरांचेही. मामाचं काम घटलं, ते पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. आई म्हणायची, हे होणारच होतं. त्यात तिचं चुकलं नव्हतं.

चित्र महिनाअखेरीला पुरं झालं. शेवटच्या हातभर भिंतीत तिने त्या आरशाचा एकही तुकडा लावला नाही. तो ढीग मामाला दिला. त्याने रविवारभर बसून एकेका तुकड्यावरची चांदी उतरवली. चित्र बघायला त्याला तिनेच हात धरून नेलं. तो भिंतीसमोर तिरका उभा राहिला, स्वतःचं तोंड कुठल्याही तुकड्यात पडणार नाही असा, आणि म्हणाला, "गिलावा चांगला बसलाय." ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

त्यानंतर दोघांनी फोडण्याची वेळ ठरवून घेतली. सकाळी अकरा. तेवढा वेळ मामा चहाला बाहेर जायचा. त्याला ऐकावं लागायचं नाही, तिला थांबावं लागायचं नाही. असं चार वर्षं चाललं.

गेल्या वर्षी एका बुधवारी कोपऱ्यावरच्या टपरीच्या बाकावर, कप रिकामा झाल्यावर, मामा बसल्या जागी गेला. टपरीवाल्याला वाटलं, डुलकी लागली. काचवालीने मला नंतर सांगितलं, की त्या सकाळी ती हातोडी घेऊन दारात आली तेव्हा तो हात पुसत होता. तिच्या पायांकडे बघून म्हणाला, "चपला घाल आधी. आणि सावकाश फोड, मला घाई नाही. आज दोन कप घेईन म्हणतो."