चटईच्या कडेचा माणूस

दुकानाचं कुलूप काढलं तरी मावशी लगेच आत जायच्या नाहीत. उंबऱ्यावर थांबायच्या, रिकाम्या दुकानाकडे बघत व्हिएतनामी भाषेत एक प्रश्न विचारायच्या, कान देऊन ऐकायच्या आणि मगच दिवा लावायच्या. तुम्ही बघितलं असतंत तर तुम्हालाही वाटलं असतं, की आतून कुणीतरी ‘ये’ म्हणालं.

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनला स्टेशनजवळ त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिथल्याच एका गाड्यांच्या कंपनीत आवाज तपासते. गाडीचं दार लागताना ‘धप’ व्हावं की ‘ठप’, यावर दिवसभर डोकं फोडणारी बाई. पहिल्यांदा पँट आखूड करायला गेले, तेव्हा माप घेण्याआधी त्यांनी माझं वय विचारलं. त्यांच्याकडे वय कळल्याशिवाय समोरच्याला हाक काय मारायची तेच ठरत नाही. "आल्झो, म्हणजे तू भाची," त्या म्हणाल्या. मग मीही मावशी म्हणायला लागले. दोघींचं जर्मन सारखंच लंगडं, त्यामुळे छान जमलं.

मूळच्या त्या शिवणकामातल्या नव्हेतच. उत्तर व्हिएतनाममध्ये गावोगाव फिरणाऱ्या लोकनाट्याच्या फडात त्या गायच्या. देवळाच्या अंगणात चटई अंथरायची, तीच रंगभूमी. नवऱ्यांना बोटावर नाचवणाऱ्या खट्याळ बायका ही त्यांची खासियत. गिऱ्हाईक नसलं की सत्तरीतही पुठ्ठ्याचा पंखा करून अशी मान वेळावायच्या, की मीच लाजायचे.

"तो प्रश्न कुणाला विचारता?" एकदा मला राहवलं नाही.

"नवऱ्याला."

नवरा फडात ढोल वाजवायचा. त्यांच्यात नटीनं चटईच्या कडेला थांबून विचारायचं, ‘सांगू का मी कोण ते?’ ढोलवाल्यानं ओरडायचं, ‘न सांगता कळणार कसं?’ जबाब आला की मगच चटईवर पाऊल. मला आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवला.

"आणि जबाब येतो?"

"कधी कधी उशीर करतो," दोरा तोडत त्या म्हणाल्या. "जिवंतपणीही करायचा."

मी हसले. मग लक्षात आलं की त्या हसत नाहीयेत, माझ्या खांद्यामागे बघताहेत.

भिंत पडण्याआधी त्या पूर्व जर्मनीतल्या एका कारखान्यात शिवायला आल्या. नवरा गावी राहिला. तो गेल्याचं इथे कळलं तोवर त्याला मूठमाती देऊन झाली होती. तेव्हापासून मावशींनी चटईवर पाय ठेवला नाही. इथल्या व्हिएतनामी मंडळींनी पुष्कळ विनवलं, जबाब आम्ही देतो म्हणाले. पण ते काम नवऱ्याचं. दुसऱ्याला दिलं की तो सुटला, मग परत यायला त्याला कारणच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एका हिवाळ्यात मात्र त्या म्हणाल्या, "या नववर्षाला मी गाणार. जबाब तू दे."

"मी? अहो मावशी, मला तुमच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच तू. आमच्यातला कुणी असला तर नवऱ्याला राग येईल." डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं. "एकदा गायचंय गं. त्याची वाट बघत बसले तर राहून जाईल."

इतकी वर्षं जपलेली नवऱ्याची जागा त्या माझ्या हवाली करत होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही.

ते एक वाक्य मी पोळ्या लाटताना घोकलं, आंघोळ करताना घोकलं. "घरात भूत शिरलंय का?" माझा नवरा म्हणाला.

कार्यक्रम भर दुपारी, भाड्याच्या हॉलमध्ये होता. संगीत लॅपटॉपवरून. तरी मावशींनी चटईच्या डाव्या कडेला ढोल आणि एक रिकामं स्टूल मांडलं होतं. मी उजवीकडे, पहिल्या रांगेत. हिरवा झगा घालून त्या आल्या, कडेला थांबल्या आणि त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत जबाब आला.

जाड, जरा घोगरा, पुरुषाचा आवाज. डावीकडून, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. आवाज कुठून आला हे सांगायचाच मला पगार मिळतो, त्यात माझी चूक होत नाही. स्टुलावर कुणी नव्हतं.

मावशींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. चटईवर पाऊल टाकलं आणि अशा गायल्या, की पोरंटोरंही मोबाइल विसरून बघत राहिली. मला मात्र शेवटपर्यंत थंडी वाजत होती.

"अगं, मागून कुणीतरी ओरडलं असेल," माझा नवरा म्हणाला. असेल.

गाडीनं घरी सोडतो म्हटलं तर मावशी ऐकेनात. "त्याला गाडी लागते," म्हणाल्या. मी स्टेशनपर्यंत सोबत गेले. तिकिटाच्या मशिनवर त्यांनी दोन माणसांचं बटण दाबलं.

"मावशी, मी नाही येत. नवरा बाहेर थांबलाय."

"जा, जा, माहितीये." त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. "तूही छान म्हणाली असतीस."

त्याच आठवड्यात मावशी झोपेतच गेल्या. दुकानात आता मोबाइल दुरुस्त करतात. मला फार आठवण येते त्यांची, आणि आठवण आली की त्या दिवशी फलाटावरून पाहिलेली ती एस-बान, इथली लोकल, दिसते. फुटबॉलचा सामना नुकताच सुटला होता, डबा दारापर्यंत गच्च भरला होता, माणसं एकमेकांवर रेलून उभी होती. मावशी खिडकीशी बसल्या होत्या, शेजारची सीट मोकळी. एक दांडगा तरुण तिथे बसायला वाकला, दचकून सरळ झाला, आणि त्या रिकाम्या सीटची माफी मागून उभाच राहिला.