तीन पाण्यांनी धुतलेली टाकी

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग नाही, रागावरच नाक बसवलेलं आहे. लग्न मोडून पांढुर्ण्याला परत आले, इथल्या शाळेत लागले आणि आई-बाबांजवळच राहिले. तेव्हापासून घरात माझी आणि बाबांची रोज एक तरी खणाखणी व्हायचीच. आई मधे पडायची नाही. भाजी निवडत बसायची आणि आमचं संपलं की चहा मांडायची.

शेवटच्या दिवसांतलं आमचं भांडण होतं गाडीवरून. आमची गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. बाबांनी ती दुसऱ्याकडून घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. पोळ्याच्या दोन आठवडे आधी तिचा टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ओढणारा पंप गेला. आतला रबराचा पडदा फाटला होता. नागपूरला नवा पंप मिळत होता, मेकॅनिक आणून बसवायलाही तयार होता. पण बाबा ऐकतील तर ते बाबा कसले!

"त्या मिस्त्रीले काय येते जे मले येत नाही?" म्हणाले. पंप खोलला, त्याचे तुकडे खिडकीत पेपरवर मांडले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल कापून पडदा बनवला. दोन दिवस गाडी चालली. तिसऱ्या दिवशी ती ट्यूब पेट्रोलनं फुगून पापडासारखी वाकडी झाली. मी म्हटलं, बाबा, आता तरी हात टेका. ते म्हणाले, "करून राहिलो नं मी. तुले घाई कायची हाय?"

घाई नव्हतीच कुणाला. आई सौंसरला गेली होती, माझ्या धाकट्या बहिणीकडे. नातीचा पहिला तान्हा पोळा होता, लाकडी बैल सजवायला आजीच पाहिजे होती. जाताना बसस्टँडवर मला म्हणाली, "त्याईच्या मागं लागू नको. गाडी होते तवा होते." म्हातारी एवढी खुशीत होती की पिशवीत बैलाच्या शिंगांना लावायचा बेगड आहे का, हे तिनं तीनदा पाहिलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. आईला छातीत दुखलं, दवाखान्यात नेलंय. डॉक्टर म्हणतात नागपूरला हलवता येईल, अशी हालतच नाही. "ताई, ती सारखी बाबांनाच विचारून राहिली. ते आले का, ते आले का. तुम्ही लवकर निघा."

निघा म्हणे! त्या दिवशी गोटमार, आमच्याकडची दरवर्षीची प्रथा. नदीच्या अलीकडून आमचे लोक, पलीकडून सावरगावचे, दोन्हीकडून दगड. अर्धं गाव नदीवर, उरलेलं गच्चीवर. बस बंद. ज्या दोन टॅक्सीवाल्यांचे नंबर होते त्यांतल्या एकानं उचलला नाही, दुसरा म्हणाला माझी गाडी पलीकडं अडकली. मेकॅनिकच्या दुकानाला कुलूप. शेजाऱ्यांची गाडी पोळ्यासाठी गावी गेलेली. माझी स्कूटी होती, पण बाबांच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं, त्यांना मागे बसताच येत नव्हतं. मला एकटीला जाता आलं असतं. पण आई मला विचारत नव्हती, त्यांना विचारत होती.

बाबा ओट्यावर बसले होते. मग उठले आणि म्हणाले, "पंपच नको आपल्याले. फवाऱ्याची टाकी आण."

आमच्या संत्र्याच्या बागेत औषध मारायची ती पाठीवरची टाकी. बाबांचं डोकं असं चाललं की टाकीत पेट्रोल भरायचं, ती गाडीच्या टपावर बांधायची आणि तिची नळी बोनेटमधून थेट कार्बोरेटरला जोडायची. पेट्रोल वरून खाली आपसूक उतरतं, मग ओढायला पंप कशाला? वेडेपणाच होता. टपावर पेट्रोल घेऊन चाळीसेक किलोमीटर! पण त्या घडीला मला त्यात काहीच वेडं वाटलं नाही. उलट वाटलं, बाप आहे माझा.

"धुऊन आण लवकर," ते म्हणाले आणि बोनेट उघडायला गेले.

आमच्या घरात फवाऱ्याची टाकी धुण्याचा एक नियम आहे. तीन पाणी. एका औषधाचा थेंब दुसऱ्यात गेला तर झाडाची पानं जळतात, म्हणून एक पाणी, हलवायचं, ओतायचं, दुसरं, तिसरं, आणि मग दिवसभर उन्हात पालथी घालायची. लहानपणी मी एकदा दोनच पाण्यांवर उरकलं तर बाबांनी वास घेऊन ओळखलं होतं आणि परत धुवायला लावली होती. हात तसे शिकलेले असतात. मी नळाखाली टाकी धरली, तीन पाणी दिले, दोनदा झटकली आणि आणून दिली. पालथी घालायला त्या दिवशी वेळ कुठं होता?

मी शाळेत विज्ञान शिकवते. पाणी जड, तेल हलकं, पाणी तळाशी बसतं. दरवर्षी ग्लासात करून दाखवते. आणि त्या सकाळी मला ते सुचलंच नाही.

बाबांनी गाडीच्या टाकीत नळी घालून तोंडानं पेट्रोल ओढलं. अर्धा घोट तोंडात गेला, थुंकले, पुन्हा ओढलं. आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून गाळून फवाऱ्याच्या टाकीत भरलं. घाईत टाकीच्या आत कुणी डोकावलं नाही. संत्र्याचे कॅरेट बांधायच्या दोरीनं टाकी टपावर आवळली. बाबांनी चावी फिरवली. एकदा, दोनदा, आणि गाडी सुरू झाली.

"बाप्पा! झाली!" मी ओरडलेच. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "बस लवकर, काचा खाली घे."

आमचं घर गावाच्या सौंसरकडच्या टोकाला, म्हणून गर्दीतून जावं लागलं नाही. पहिले पंधरा-सोळा किलोमीटर गाडी छान चालली. दोन्ही बाजूंना कापूस, मधे मधे संत्र्याच्या बागा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी मनातल्या मनात आईशी बोलत होते, थांब गं, आलो.

मग एक खड्ड्याखड्ड्याचा तुकडा लागला. गाडी हिंदकळली, खोकली, झटके दिले आणि बंद पडली.

बाबांनी बोनेट उघडलं. कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून आत होतं ते तळहातावर घेतलं. मी शेजारीच उभी होते. पेट्रोल क्षणात उडून गेलं आणि तळहातावर एक थेंब राहिला. गोल, स्वच्छ, थंड. पाण्याचा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मूठ मिटली, लेंग्याला पुसली. "कचरा आला," म्हणाले.

मला कळलं होतं. तिथंच, त्याच क्षणी कळलं होतं. तळाशी बसलेलं धुण्याचं पाणी खड्ड्यांनी हलून नळीत उतरलं होतं. आणि मी काय केलं असेल? मी त्यांच्यावर ओरडले. "म्हणून सांगत होते, मेकॅनिकला दाखवा! दोन आठवडे गाडी खोलून बसलात! तुमच्या या जुगाडापायी आई तिकडे..." पुढचं बोलले नाही, पण जेवढं बोलले तेवढं खूप झालं. ते खाली मान घालून वाटी साफ करत राहिले. म्हणाले, "हाव, माझंच चुकलं."

गाडी सुरू व्हायची, दोन किलोमीटर जायची, पुन्हा बंद. पुन्हा बोनेट, पुन्हा स्क्रू, पुन्हा तो थेंब. किती वेळा झालं मोजलं नाही. तिसऱ्या की चौथ्या वेळी फोन वाजला. बहीण होती. "ताई, आई म्हणते फोनवर तरी बोलू द्या. बाबांना दे." मी फोन त्यांच्या कानाजवळ नेला. त्यांनी मान मागे घेतली. दोन्ही हात पेट्रोलनं माखलेले.

"फोनवर काय बोलाचं? येऊनच राहिलो. तिले म्हणा बोलू नको, दम लागते तिले. म्या आलो की बोलू."

बहिणीनं फोन ठेवला. मीही म्हटलं नाही की बाबा, घ्या, दोन शब्द बोला. मला तेव्हा त्या थेंबापुढे दुसरं काही दिसत नव्हतं.

सौंसरच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा बहीण दाराशीच उभी होती. तिचं तोंड पाहूनच कळलं. आईला जाऊन वीस मिनिटं झाली होती. बाबा आत गेले आणि पलंगापासून हातभर लांब थांबले. आईला पेट्रोलच्या वासानं मळमळायचं, म्हणून गाडीचं काम केलं की ते तिच्याजवळ जात नसत. बहीण रडत म्हणाली, "बाबा, हात लावा नं तिला." ते आधी नळाकडे गेले. साबण लावून हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. मग येऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. तिच्या बोटांना बेगडाची चमक लागलेली होती.

तेरवीपर्यंत घरात माणसं होती. प्रत्येकजण विचारायचा, उशीर कसा झाला? आणि बाबा प्रत्येकाला एकच सांगायचे. "नळी नीट बसली नोयती. माझीच चूक." मामा तर तोंडावर बोलले की तुमच्या हट्टापायी माझी बहीण वाट पाहत गेली. मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ज्या माणसाला मी आयुष्यभर उलट बोलले, त्याच्यासाठी एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मी कप गोळा केले आणि आत गेले. त्या दिवसाची लाज मला आजही वाटते, आणि ती वाटायलाच पाहिजे.

त्यानंतर आमचं भांडण कधी झालं नाही. त्यांनी एका भंगारवाल्याला बोलावून गाडी देऊन टाकली. मी त्यांना वेळेवर चहा द्यायची, ते वेळेवर प्यायचे. घर इतकं शांत झालं की मला ते सोसवत नव्हतं. वर्ष तसंच निघालं.

यंदा पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात बसून फवाऱ्याची टाकी धूत होते. बागेत औषध मारायचं होतं. नदीकडून लोकांचा गलका ऐकू येत होता. मी पाहत उभी राहिले. एक पाणी. दुसरं. तिसरं ओतलं तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"बाबा, त्या दिवशी टाकी मी पाण्यानं धुतली होती. पुसली नाही. पाणी माझं होतं."

ते टाकी झटकत होते, थांबले नाहीत. "मले माहीत हाय. तीन पाणी देल्ले असशीन."

"हो."

"मग बराबर धुतली. मीच शिकवलं व्हतं."

मी तिथंच मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. म्हटलं, सगळ्यांसमोर मला का नाही बोललात, मी तुम्हाला रस्त्यात नाही नाही ते बोलले. त्यांनी टाकी भिंतीला टेकवून उन्हात पालथी घातली.

"टाकीचं काय घेऊन बसली माय," ते म्हणाले. "तुह्या आईनं फोन कराले लावला व्हता. तो कानाले लावाले पाह्यजे व्हता म्या."