हिंदकेसरी आणून राहिली, जागा ठेव

लेकरांच्या बाबतीत माझ्या मामेसासूबाईंइतकी पट्टीची खोटारडी बाई अख्ख्या भंडारा जिल्ह्यात शोधून सापडायची नाही, आणि त्यांच्या या खोटेपणावर एक पूर्ण टोली लहानाची मोठी झाली आहे. मामी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या मामांची बायको, माहेरच्या कोंढ्याच्या आणि आता सिहोऱ्याकडच्या एका गावात आशाताई. गावात दोन भाग. नाल्याच्या अलीकडे पक्की घरं, किराणा दुकान, राइस मिल. नाल्याच्या पलीकडे मजुरांची टोली, म्हणजे वस्ती. मामींचं घर अलीकडे आहे आणि जीव पलीकडे. आशाताईंना गणवेशाची साडी मिळते, मोबाइलवर ढीगभर माहिती भरायला मिळते आणि लेकरांना तोलायला झोळीचा काटा मिळतो. यातला काटा मामींनी असा काही आपलासा केला, की मामांनी एकदा सर्वांसमक्ष तक्रार केली होती, लग्नात हिनं माझा हात इतका घट्ट धरला नव्हता म्हणून.

काट्यावर त्यांचा जितका जीव तितकाच अविश्वास. तो खोटं बोलेल ही धास्ती त्यांना चोवीस तास असते (स्वतः दिवसभर तेच करतात ते सोडा). म्हणून रोज सकाळी अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगून त्या आधी घरातला वरवंटा तोलतात. वरवंटा कालच्याइतकाच भरला तरच चहा. एकदा पावसाळ्यात वरवंटा थोडा जास्त भरला, तर बाई दुपारपर्यंत बिनचहाच्या बसल्या. शेवटी कळलं की झोळीच ओली होती. सिहोऱ्याच्या बाजारात त्यांनी एका भाजीवाल्याची दोन किलो वांगी त्याच्याचसमोर पिशवीतून काटा काढून तोलली. त्याला वाटलं, वजनमापवाल्या मॅडम आल्या. त्यानं गयावया करत कोथिंबिरीच्या चार जुड्या फुकट कोंबल्या. मामींनी त्या जुड्याही तोलल्या.

आता खोटेपणाचं. आमच्याकडे, म्हणजे माझ्या सासरकडे, तान्ह्या लेकराचं कौतुक करायचं नाही अशी पद्धत. गोंडस म्हणालात की नजर लागली. आणि वजन करणं तर त्याहून वाईट. धान तोलावं तसं पोर तोलतात का? मामी नव्यानव्या आशाताई झाल्या तेव्हा टोलीत त्या काटा घेऊन शिरल्या की बायका लेकरं सुपाखाली झाकायच्या. महिनाभर त्या रिकामा काटा घेऊन परतल्या. मग त्यांनी आपली स्वतःची भाषा काढली. बाळ छान बाळसेदार असलं की काटा बघून तोंड वाकडं करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, 'काडी आहे नुसती, मरतुकडं.' आई खूश, आजी खूश. आणि बाळ खरोखरच खालावलेलं असलं, की म्हणायचं, 'पहेलवान आहे.' फार खालावलेलं असलं, की 'मोठा पहेलवान.' आणि ताबडतोब दवाखाना गाठायची वेळ असली, की 'हिंदकेसरी.' हा शब्द ऐकला की टोलीतली आई दुसरा प्रश्न न विचारता चप्पल शोधायला लागते. नजर लागली नाही, वजनही झालं, आणि निरोपही पोचला.

या भाषेपायी नातेवाइकांत काय काय झालं ते सांगायचं तर वेगळा दिवस लागेल. माझ्या मुलीच्या बारशाला माझी आई नाशिकहून आली होती. भर मांडवात मामींनी पाळण्यात डोकावून, कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, बापा, कसं चिपाड पैदा केलं या सुनेनं. आई जेवली नाही. परतीच्या गाडीत बसेपर्यंत तिनं मामींकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि इकडे मामी सगळ्यांना सांगत होत्या की विहीणबाईंचा स्वभाव लई शांत. मी मात्र चिपाड ऐकून मनातून सुखावले होते, कारण ती भाषा तोवर मला येत होती. कशी आली, ते लाज वाटली तरी सांगते.

मी नर्स. लग्नानंतर जिल्ह्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या वॉर्डात लागले. कुठल्या ते सांगत नाही, कारण चूक माझी आणि नाव निघेल दवाखान्याचं. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. रोवणीत आमचा वॉर्ड भरतो. बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या, बाळ बांधावर नाहीतर घरी आजीकडे, आणि दुखणं लक्षात येईपर्यंत दोन दिवस गेलेले. त्या दुपारी आमच्याकडे एकच वॉर्मर रिकामा उरला होता. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा बाळाचा पलंग. तेवढ्यात दोन गाड्या भरून मामींच्याच गावचे राइस मिलवाले आले. मोजून अकरा माणसं आणि त्यांच्या मधोमध सहा महिन्यांचा नातू, ज्याला सर्दी झाली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घरी न्या, काही नाही. पण आजोबा ऐकेनात. जागा रिकामी आहे ना, मग रात्रभर नजरेखाली राहू द्या. तान्ह्यांच्या पलंगावर हे एवढं थोराड पोर मावेना, पाय बाहेर येत होते, पण हट्ट कायम. डॉक्टर कंटाळून मला म्हणाले, कोणी येणार आहे का सिस्टर?

नेमका पाच मिनिटांपूर्वी मामींचा फोन येऊन गेला होता. 'सूनबाई, हिंदकेसरी आणून राहिली, जागा ठेव.' माझं लग्न होऊन दोन महिने झालेले. मला वाटलं, मामी कोणाचं तरी गुटगुटीत बाळ मला कौतुकानं दाखवायला आणतायत. मी हसून डॉक्टरांना म्हटलं, कोणी नाही सर, माझ्या मामेसासूबाई एक पहेलवान घेऊन येतायत. तेही हसले. मिलवाल्यांचा नातू वॉर्मरवर गेला.

अर्ध्या तासानं मामी आल्या. सोबत एक पोरसवदा बाई, गुडघ्यापर्यंत रोवणीचा चिखल वाळलेला, आणि तिच्या पदरात एकोणीस दिवसांचं बाळ. मी पदर बाजूला केला आणि माझं हसणं जिथल्या तिथे थिजलं. अंग गार. ओठ निळसर. रडणं नाहीच. दोन दिवस दूध ओढलं नव्हतं. मी त्याला तिच्याच उघड्या छातीशी लावून वरून ब्लँकेट घातलं, डॉक्टरांना हाक मारली आणि धावत मिलवाल्यांकडे गेले. म्हटलं, जागा द्या, हे बाळ फार नाजूक आहे. आजोबांनी खिशातून मोबाइल काढला. आम्ही आधी आलो, म्हणाले, आणि वरच्या कुणाला तरी फोन लावायला घेतला. डॉक्टर त्यांच्याशी वाद घालू लागले. त्या बाळाला मिनिटं मोजून मिळणार होती, आणि ती मी हसत हसत दुसऱ्याला देऊन बसले होते.

मामींनी एकवार माझ्याकडे पाहिलं, एकवार वॉर्मरकडे. आवाज चढवला नाही. सरळ मिलवाल्यांच्या आजीबाईंजवळ गेल्या, नातवावर वाकल्या, डोळे मोठे केले आणि जन्मात पहिल्यांदा एका लेकराबद्दल खरं बोलायला लागल्या. 'बापा, का गोरापान आहे हो तुमचा नातू! का गाल आहेत! का मांड्या आहेत! असा गुटगुटीत पोट्टा मी पुऱ्या गावात नाही पाह्यला. थांबा, तोलूनच पाहतो.' आणि पिशवीतून काटा काढला.

त्यानंतर जे झालं ते पाहायला मी आयुष्यभराची सुट्टी दिली असती. आजीबाईंनी किंकाळी आवरत नातवावर पदर टाकला, त्याला उचललं आणि दाराकडे सुटल्या. मागून दोन आत्या, एक काकू, मीठमोहऱ्यांच्या गोष्टी करत. आजोबा फोनवर हॅलो हॅलो करत राहिले आणि घरची माणसं गाडीत बसलीसुद्धा. शेवटी तेही गेले, एक चप्पल तशीच सोडून. ती नंतर आमच्या वॉचमननं आठवडाभर सांभाळली. वॉर्मर रिकामा झाला. बाळ आत गेलं, डॉक्टरांनी सलाइन लावलं, साखर दिली, औषधं सुरू केली. वाचेल का, हे त्यांनी सांगितलं नाही. आई भिंतीला टेकून आपल्या हातांकडे बघत बसली.

मी बाहेर आले आणि रडले. म्हटलं, मामी, मला कळलंच नाही. त्या मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, 'शब्द कळले नाही तं चालते वं. ध्यानात एवढं ठेव. ज्या लेकरासंगं अकरा मानसं येते ना, तो बिमार नसते. ज्याच्यासंगं माय एकटी येते, त्याच्याकडं पयले पाह्य.' मी नर्सिंगची तीन वर्षं शिकले, परीक्षा दिल्या, पहिला नंबर काढला. हे वाक्य कुठल्या पुस्तकात नव्हतं. आजही रजिस्टर उघडायच्या आधी मी दारातली माणसं बघते.

पाच दिवस मामी हलल्या नाहीत. त्या बाळाच्या आईला बळेबळे जेवू घालायच्या, बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवायच्या, आणि वेळ मिळाला की आमचे सगळे काटे तपासायच्या. त्यातला एक खरंच चुकीचा निघाला, हे मी इथेच पहिल्यांदा कबूल करते आहे. दर तासाला दाराशी येऊन विचारायच्या, पहेलवान कसा आहे? सहाव्या दिवशी सकाळी बाळानं अर्धी वाटी दूध संपवलं आणि सगळा वॉर्ड उठेल असं भोकाड पसरलं. वजनही थोडं वर सरकलं होतं. मी बाहेर आले. बाळाची आई उठून उभी राहिली. मी मामींच्या स्टायलीत कमरेवर हात ठेवून म्हटलं, काडी आहे नुसती, मरतुकडं. ती पोर ओंजळीत तोंड घालून हसायला लागली. मामी मात्र खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. इतके दिवस हा शब्द त्या दुसऱ्यांना देत आल्या होत्या, त्यांना तो कोणी दिला नव्हता.

तो पोरगा आता शाळेत जातो. नाल्यावर पूल झाला आहे, टोलीतल्या बायका आता दुखण्याच्या पहिल्याच दिवशी बाळ दाखवतात, रोवणी असो नाहीतर कापणी. मामींचे गुडघे गेलेत, पण पूल चढून जातात. आमच्या वॉर्डात त्यांची फेरी कमी कमी होत चालली आहे. यंदाची अख्खी रोवणी गेली, त्या एकदाही आल्या नाहीत. परवा मीच फोन केला. म्हटलं, मामी, फार दिवस झाले, या ना एकदा, सहज. चहा घेऊ, गप्पा मारू.

'सहज कायले येऊ वं?' त्या म्हणाल्या. 'तुह्या दारात येतो म्हनजे कोन्या तरी मायचा जीव टांगनीले लागलेला रायते. नाही येत मी. देवानं केलं तं कधीच नाही येत.'

बरं मामी, नका येऊ, मी म्हटलं. तिकडे त्या खुशीत फोनवर टोलीतल्या एकेका लेकराला नावं ठेवत राहिल्या.