फरशी खराब आहे

“सुळ्ळु!” असं ओरडून अक्का छडीनं मुलांच्या स्टिकवर टक्‌ करायच्या. सुळ्ळु म्हणजे कन्नडमध्ये खोटं. अक्कांच्या मते बंगळूरमधलं अर्धं बसवनगुडी खोटंच बोलत होतं.

तिथल्या स्केटिंग रिंकवर त्या मुलांना चाकांच्या बुटांवरची हॉकी शिकवायच्या. त्या खेळात चेंडूऐवजी प्लास्टिकची चपटी चकती असते. ती स्टिकच्या टोकाशी खेळवत न्यायची आणि खाली बघायचं नाही. मुलं हमखास खाली बघतात. म्हणून अक्का समोर उभ्या राहून, नजरेला नजर भिडवून त्यांची उलटतपासणी घ्यायच्या.

“दूध प्यायलास?”

“हो अक्का.”

चकती सटकली.

“सुळ्ळु! कुंडीत ओतलंस.”

“अक्का, फरशी खराब आहे इथली.”

“फरशीला नावं ठेवू नको. खोटं बोलताना हात आखडतो.”

तुम्हीही असे संशयी लोक पाहिले असतील. पण संशयातून खेळ शिकवणाऱ्या मी पाहिल्या त्या अक्का एकट्याच.

आम्हा पालकांवर तर त्यांची खास नजर. मी चिकोडीकडचा, घरातला पहिला पदवीधर. आमच्या शाळेत खेळाचा तास म्हणजे पटांगणातले दगड वेचणं. माझी मैथिली चाकांवर भिरभिरताना बघून मला भरून यायचं. एकदा गावाहून येताना अक्कांसाठी बेळगावचा कुंदा आणला.

“कशाला? पोरीला टीममध्ये घालायला?”

“नाही हो अक्का, आभार म्हणून.”

“आभार निवड झाल्यावर मानतात. आधी मानले तर त्याला वेगळं नाव आहे.”

डबा तसाच घरी आला.

राज्याच्या संघाची निवड दुसऱ्याच दिवशी होती. मैथिलीनं वर्षभर तोच ध्यास घेतला होता. त्या संध्याकाळी तिची चकती सुरेख फिरत होती. अक्कांनी विचारलं, “मनगट दुखतंय?”

“नाही.”

चकती भिंतीवर जाऊन आपटली. अक्कांनी तिथंच तिचा हातमोजा काढायला लावला. मनगट टम्म सुजलेलं.

त्यांनी तिला निवडीला पाठवलं नाही. पोर रात्रभर रडली. अक्कांनी दुसऱ्या कुणासाठी जागा केली असेल, असं मलाही वाटून गेलं. संशयाचीही लागण होते. एक्स-रेमध्ये हाडाला बारीक तडा निघाला.

दोन दिवसांनी अक्का पहिल्यांदाच आमच्या घरी आल्या. मैथिलीच्या प्लास्टरवर टिचकी मारून ते खरं असल्याची खात्री केली, तिच्याशेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, “तो कुंदा उरलाय? आता खाल्ला तर चालेल.”

पुढच्या वर्षी मैथिली निवडली गेली. पण तोवर अक्कांचे गुडघे गेले होते. मुलगा त्यांना म्हैसूरला न्यायला आला. शेवटच्या संध्याकाळी मैथिलीनं स्वतःची स्टिक त्यांच्या हातात दिली.

“खेळवा अक्का. खाली नाही, माझ्याकडे बघा. परत येणार ना?”

“येणार की. गुडघा स्वल्प सरळ झाला की लगेच.”

चकती सटकली आणि घसरत पार जाळीपर्यंत गेली.

रिंकवर सगळी मुलं उभी होती. कुणीही ‘सुळ्ळु’ म्हणालं नाही. अक्का खाली बघत राहिल्या.

“फरशी खराब आहे इथली,” त्या म्हणाल्या.

“हो अक्का,” मैथिली म्हणाली आणि चकती आणायला गेली. ती हातात घेऊन बराच वेळ तिकडेच पाठमोरी उभी राहिली.