दादाच्या सॅकमधला नारळ

नारळ दादा विसरला नव्हता. तो त्याच्या सॅकमधून मी काढला होता, आणि त्याने विचारल्यावर मी खोटं बोललो. एवढं सांगायला मला अडीच महिने लागले.

पंचेचाळिशी उलटल्यावर मला कातळाच्या सड्यांवर, डोंगरांवर मुक्कामाला जायचा नाद लागला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, हे निमित्त. खरा नाद लागला तो सामान कमी करण्याचा. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मी हुकाचा छोटा वजनकाटा आणला. एकच पातेलं, त्यातच चहा आणि त्यातच भात. पंचा अर्धा फाडला. टूथब्रशचा दांडा कापला. पाठीवर सात किलोच्या वर काही घ्यायचं नाही, हा माझा नियम, आणि तो मी ऑफिसात, लग्नात, जिथे कोणी ऐकेल तिथे सांगायचो.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. उभा जन्म त्याने मालवाहू जहाजांवर काढला. तिथे स्टोअर त्याच्या ताब्यात असायचं. कुठल्या कपाटात कुठला बोल्ट आहे हे तो डोळे मिटून सांगायचा. निवृत्त होऊन तो रत्नागिरीतच, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहायला आला. आमची आई शेवटची चार वर्षं माणसं विसरत गेली. मला ती ‘तुम्ही कोणाकडचे?’ असं विचारायची. तेव्हापासून दादाच्या मनात एकच भीती आहे. तो ती बोलून दाखवत नाही, पण रोज सकाळी फिरताना नातेवाइकांचे फोन नंबर पाठ म्हणतो. हे मला माहीत होतं. म्हणून माझा गुन्हा मोठा.

पावसच्या बाजूला सड्यावर आमची वाडवडिलांची थोडी जागा आहे. घर नाही, झाड नाही. जांभ्याचा तांबडा कातळ, गवत आणि कोपऱ्यात एक उभा दगड. तो जागेचा राखणदार. भातकापणी झाली की बाबा दरवर्षी त्याच्यापुढे नारळ ठेवून, घरादाराची राखण मागत गाऱ्हाणं घालायचे. बाबा गेले तेव्हा दादा कुठल्यातरी समुद्रात होता. त्यानंतर गाऱ्हाणं कोणी घातलंच नाही. मी इथेच होतो, पण मी घातलं नाही.

“आपण एक रात्र तिथे राहू,” दादा म्हणाला. “मी गाऱ्हाणं घालतो. बाबांचं सगळं पाठ आहे मला.” आणि फोनवर त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं, कुठेही न अडखळता.

निघायच्या दिवशी दुपारी तो सॅक घेऊन माझ्याकडे आला. माझा कापलेला टूथब्रश बघून म्हणाला, “मेल्या, मग मिशा पण घरी ठेव. त्यांचं वजन केलंस की नाही?” माझी बायको हसली. तो चहा प्यायला आत बसला तेव्हा मी त्याची सॅक काट्याला लावली. साडेसात किलो. खाली, पंच्यात गुंडाळलेला, शेंडी राखून सोललेला नारळ होता. सहाशे वीस ग्रॅम. तो मी काढला आणि स्वयंपाकघरातल्या टोपलीत टाकला. दादाचा गुडघा दुखतो, असं मी स्वतःला सांगितलं. वाटेतल्या वाडीत दुकानात दुसरा घेऊ, असंही सांगितलं. ही दोन्ही कारणं मी नंतर तयार केली असावीत. त्या क्षणी मला फक्त काट्यावर सातच्या आतला आकडा बघायचा होता.

वाडीतलं दुकान बंद होतं. तेव्हाही मी बोललो नाही.

सड्यावर पोचलो तेव्हा सूर्य समुद्राकडे झुकला होता. दादाने चपला लांब काढल्या, दगडाभोवतीचं गवत हाताने उपटलं, आणि सॅक उघडली. मग ती उपडी केली. बाजूचे कप्पे बघितले. पंचा झटकला.

“नारळ ठेवला होता मी.”

मी तंबूच्या खुंट्या ठोकत होतो. “घरीच राहिला असेल.”

“नाही रे. पंच्यात गुंडाळून तळाशी ठेवला. मला दिसतंय ते.”

“ठेवायचा म्हणून मनात असेल. होतं असं या वयात.”

मी त्याच्याकडे न बघता बोललो. त्याने पुढे वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. तो पंच्याची घडी घालत राहिला, पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत राहिला. मग हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. “बा राखणदारा म्हाराजा, आम्ही दोघे भाऊ आज तुझ्या जागेत वस्तीला आलो...” प्रत्येक ओळीनंतर “व्हय म्हाराजा” म्हणायचं काम माझं. मी म्हणत होतो. अर्ध्यावर तो थांबला. पुढची ओळ त्याला येईना. त्याने माझ्याकडे बघितलं. ती मलाही येत नव्हती. त्याने तसाच दगडाला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी परतल्यावर तो माझ्याकडेच जेवला. बायकोने टोपलीतला नारळ फोडून सोलकढी केली होती. दादा दोन वाट्या प्यायला. “नारळ चांगला गोड आहे गो,” असं तिला म्हणाला. मी खाली मान घालून जेवत होतो.

पुढे वहिनीचे फोन यायला लागले. “भावजी, हे हल्ली गॅस तीन-तीनदा बघून येतात.” मग, “स्कूटरची चावी माझ्याकडे देऊन टाकली.” मग, “फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्यात. तुम्हाला सांगू नको म्हणालेत.” दर वेळी मी म्हणायचो, विश्रांती घ्यायला सांगा.

एका रविवारी सकाळी दादा रिक्षाने आला. हातात शंभर पानी वही.

“लिही,” तो म्हणाला. “बाबांचं गाऱ्हाणं. डोक्यातून पुरतं जायच्या आत तुझ्याकडे असू दे.”

तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. अडखळला की डोळे घट्ट मिटायचा. “काय चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल,” असं त्याने सांगितलं आणि माझं पेन थांबलं. मी वहीकडे बघतच म्हणालो, “नारळ मी काढला होता, दादा. तू चहा पीत होतास तेव्हा.”

त्याने वही मिटली. मग म्हणाला, “वजन किती भरलं?”

“सहाशे वीस ग्रॅम.”

“आणि ती सोलकढी?”

“त्याचीच.”

“मेल्या, मी डोक्याचा फोटो काढून आलो. डॉक्टर म्हणाला काही नाही, तर मला वाटलं खोटं बोलतोय. तुझ्या वहिनीला सांगून ठेवलं, मी तुला ओळखेनासा झालो तर बांधून ठेव, पण आईसारखं रस्त्यावर जाऊ देऊ नकोस.” त्याचा आवाज चढला नव्हता. “मला वाटलं, डोकं दगा देतंय. आणि तू समोर बसून व्हय म्हाराजा म्हणत होतास.”

तो उठला, वही तिथेच ठेवून बाहेर गेला, आणि पायरीवर बसून चपला घालायला लागला. दुखऱ्या गुडघ्यामुळे त्याला वेळ लागत होता. मी खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो.

“दादा,” मी म्हणालो, “नारळ काढला ही चूक होती. पण तुला आठवत होतं ते खरं होतं, आणि मी ते खोटं ठरवलं. तुझी भीती मला माहीत असून ठरवलं. तू काही विसरला नव्हतास. माझं चुकलं. मला माफ कर.”