सगळ्या आक्कांची एक आक्का

शी! त्या काळ्या डबीची मला पहिल्यापासून किळसच यायची. सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची ती. तिच्यावरून फोन लागत नाही, फोटो निघत नाही. नुसते नंबर आणि तारखा ठेवायच्या. पुतण्यानं कधीकाळी अमेरिकेतून आणलेली. बोटांच्या घामानं कडा चिकट झालेल्या, सेलच्या खाचेत हिरवट काहीतरी साचलेलं. आमच्या टिळकवाडीतल्या घरात रोज सकाळी आंघोळ, चहा आणि मग ही डबी. आप्पा काडीनं टोचून नंबर काढणार आणि लँडलाइनवरून लोंढ्याला फोन लावणार. तिथं त्यांची थोरली बहीण, आक्का, एकटीच राहते. तिला मोबाइलवरून फोन लावता येत नाही, हिरवं बटण दाबून उचलता तेवढा येतो. तिचा दिवस त्या एका फोननंच उजाडायचा.

डबीतली स्प्रिंग गंजली. सेल बदलताना जरा उशीर झाला की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आप्पा श्वास रोखून सेल बदलायचे. मला ते बघवेना. मी निपाणीची, तोंडाची फटकळ. म्हटलं, "आप्पा, सगळे नंबर मी कागदावर उतरवून देते." झालं! नोकरीसाठी पुण्यात असलेला नवरा फोनवरून उसळला. "कागद कशाला? आपल्या लिनक्सवर सिंक करू की, डबीतलं सगळं लॅपटॉपात उतरेल!"

ह्यांचं लिनक्स! घरातल्या धडधाकट लॅपटॉपातलं विंडोज पुसून त्यात ते घातलं. फुकट आहे, स्वच्छ आहे, कुणाची गुलामी नाही, हे पालुपद ऐकून माझे कान किटले. त्या स्वच्छतेपायी आमचा प्रिंटर बंद पडला, तो पडलाच.

रविवारी दुपारी हे पुण्यात बसून, इंटरनेटवरून आमच्या लॅपटॉपात शिरले, फोन स्पीकरवर. डबी लॅपटॉपला वायरनं जोडलेल्या तिच्या स्टँडवर ठेवायची, स्टँडचं बटण दाबायचं, की लॅपटॉपला ती क्षणभर दिसते आणि लगेच गायब. तेवढ्यात ह्यांनी तिकडून कमांड मारायची. "दाब!" दाबलं. लॅपटॉप म्हणे, परवानगी नाही. आपल्याच घरात, आपल्याच वस्तूला! "परत दाब." आमटी गार झाली, भात वाळला, मी आपली दाबतेय. आप्पा शेजारी खुर्चीच्या कडेला टेकून, घरातल्या कुणाचं ऑपरेशन चालल्यासारखे.

शेवटी हे ओरडले, "झालं बघ! कचरापण काढला. तीच तीच नावं कितीदा होती गं! आता लॅपटॉपात पण साफ, डबीत पण साफ."

मी डबी ओढून यादी बघितली. आप्पा थोरल्यांना नावानं हाक मारत नाहीत, मग नावानं लिहितील कसे? लोंढ्याची सख्खी बहीण आक्का, संकेश्वरची चुलत बहीण आक्का, खानापूरची मावसबहीण आक्का. नावाच्या जागी नुसतं आक्का, गाव खाली टिपेत. सगळ्या आक्कांची मिळून एकच आक्का उरली होती, संकेश्वरची. लोंढ्याच्या आक्काचा मुलगा 'बाळ' होता, तोही दुसऱ्या कुठल्या बाळात गेला.

"अहो, आधीची कॉपी?"

"होती. पण खात्री म्हणून दोनदा सिंक केलं ना..." दुसऱ्या खेपेला जुनी कॉपीही पुसली गेली होती. ह्यांच्या फोनातला आत्याचा, म्हणजे लोंढ्याच्या आक्काचा नंबर जुना, बंद झालेला; माझ्याकडे तर नव्हताच. लँडलाइनचं रिडायल दाबलं तर दूधवाला लागला. अस्सा संताप आला मला!

सोमवारी सकाळी आप्पांनी सवयीनं आक्कावर टोचलं आणि फोन लावला. संकेश्वरच्या आक्काचा आवाज आला. "काय न्हाय, सहज केलतो," म्हणाले आणि हळूच रिसीव्हर ठेवला. मग उठून टोपी घातली. "पोरी, लोंढ्याला जातो."

मीही निघाले. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आक्का उंबऱ्यात बसली होती, मोबाइल मांडीवर. आप्पांना बघून उठलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

"फोन आला न्हाय तुझा," ती म्हणाली. "मला वाटलं, तू गेलास. चूल न्हाय पेटवली रं मी."

आप्पा तिच्या पायाशी बसले. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. नवऱ्याचा मेसेज, 'परत एकदा सिंक करून बघू या का?' वाचून अंगाची लाही झाली. फोन बंद केला, आत गेले आणि आक्काची चूल पेटवली.