तळ्याकाठची उघडी चूल

आमच्या सारंगखेड्याच्या घरातलं माणूस परगावी राहायला गेलं, म्हणजे पाहुण्यांकडे गेलं. तिथे बसायला पाट, झोपायला गादी आणि सकाळी न्हायला ऊन पाणी. उघड्यावर पाल ठोकून राहावं ते घोड्यांच्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांनी. त्यामुळे घरची मोठी बाई आणि तिची धाकटी सून, म्हणजे मी, तोरणमाळच्या तळ्याकाठी पालात उन्हाळा काढणार हे कळल्यावर गल्लीतल्या बायकांचे डोळे कपाळात गेले. मला तेव्हाही त्याचा अभिमान वाटला होता आणि या वयातही वाटतो. उगाच नम्रपणा दाखवायची मला सवय नाही.

सासूबाईंना सगळं घर माय म्हणायचं, मीही म्हणायची. मायला खोकला होता. साधासुधा नव्हे, स्वयंपाकघरातून ओट्यापर्यंत यायचं तर मध्ये दाराला धरून उभं राहावं लागे. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तर आम्ही तिच्या तोंडात पाणी घालायला बसलो होतो. शहाद्याच्या वैद्यांनी नाडी धरली आणि सांगितलं, बाईला थंड हवेवर न्या, पुढचा उन्हाळा खाली निघायचा नाही. थंड हवा म्हणजे तोरणमाळ. पण तिथे आमचं सोयरंधायरं कुणी नव्हतं, उतरायला घर नव्हतं आणि वर चढायला गाडीवाट नव्हती.

सासऱ्यांना ही कल्पनाच पसंत नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, आणि घरची बाई डोंगरावर? लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांना खोकल्याहून मोठा वाटायचा. माझ्या नवऱ्याने बरंच विनवल्यावर ते कबूल झाले, पण अट घालूनच.

"आखाजीना आगोदर मी येसू," ते म्हणाले. "खोकला जावो नहीते ऱ्हावो, दोन्हीस्ले घर लई जासू."

म्हणजे मायला बरं वाटायला आखाजीपर्यंतचेच दिवस होते. मग बरं वाटो न वाटो, ऐन वैशाखात पुन्हा त्याच घरात. वैद्यांचं बोलणं आम्ही दोघींनी ऐकलेलं होतं, त्यामुळे याचा अर्थ काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पायथ्यापर्यंत बैलगाडीने गेलो. पुढे डोंगरातल्या चौघा पावरा आदिवासी गड्यांनी मायला झोळीत घालून वर नेलं. मी चालत गेले. सोबतीला माझा दीर होता, लग्नाला आलेला, मिशा राखलेला आणि वाटेत तीनदा पाय मुरगळलेला. प्रत्येक वेळी वेगळा पाय.

वर पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. तळं पाहून मी बोलायचीच थांबले, आणि हे माझ्या बाबतीत क्वचित होतं. तापीचं पाणी मी रोज पाहिलेलं, पण ते कुठे ना कुठे निघालेलं असतं. हे पाणी डोंगराच्या माथ्यावर निवांत बसलेलं होतं. काठाला एक जागा अशी सपाट आणि स्वच्छ, जणू कुणी नुकतीच झाडून ठेवली असावी. गवताची काडी नाही, खडा नाही. आम्ही सपाटीची माणसं, स्वच्छ अंगण दिसलं की बसकण मारणारी. दिराने तिथेच पाल ठोकला, मी तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि दाळ चढवली.

दिवस मावळायला लागला तसं मागच्या झाडीत काहीतरी खसखसलं. एक सांबर बाहेर आलं, मागून दुसरं, मग अख्खा कळप. आमच्या चुलीकडे पाहून ती थांबली. पाय आपटू लागली. त्यांच्या वाटेवर आम्ही दाळ शिजवत बसलो होतो.

"वहिनी, आठे त जनावरं पानी पेवाले येतस!" दीर ओरडला. हे त्याने पालात शिरून ओरडून सांगितलं. जागा कशाने झाडली गेली होती ते आत्ता आमच्या ध्यानात आलं. खुरांनी.

मी जळती लाकडं हातात घेऊन उभी राहिले. सांबरं वळून दुसरीकडून पाण्यावर गेली, पण सांबरांच्या मागे आणखी कोण येईल याचा नेम नव्हता. अंधार पडायच्या आत पाल उपटला आणि वरच्या अंगाला एका मोठ्या खडकापाशी कसाबसा उभा केला. दीर म्हणाला, सकाळी खाली जाऊ, हे बायकांचं काम नाही. माझी जीभ शिवशिवली, पण माय आधी बोलली. ती म्हणाली, "तुले जानं व्हयी ते जाय."

तो गेला नाही. एकट्याने घाट उतरायची त्याची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी मायने जागा निवडली, आणि ज्या रीतीने निवडली ती मी विसरणार नाही. वाळक्या गवताची मूठ पेटवायची, जमिनीजवळ धरायची आणि धूर कुठे जातो ते पाहायचं. मग चार पावलं सरकून पुन्हा. खोकत खोकत तिने खडकाभोवतीची सगळी जागा अशी तपासली. एका आंब्याच्या बाजूला धूर सरळ तळ्याच्या दिशेने निघून गेला. तिथे तिने टाच रोवली आणि म्हणाली, "आठे चूल." पाल नंतर ठरला. धुराची ओळख तिच्याइतकी कुणाला असणार?

मग आमचा संसार सुरू झाला. संसार म्हणजे एक पाल, दोन गोधड्या, तवा, हंडी, परात, दोन घागरी आणि गोणीभर ज्वारीचं पीठ. तळ्याचं पाणी गढूळ, म्हणून काठाला हातभर झिरा खणला. त्यात पाझरून आलेलं पाणी नितळ असे. अंथरायला वाळकं गवत कापलं. भांडी राखेने, कपडेही राखेनेच. लाकडं मी तोडली. पहिल्या दिवसांत तळहाताला फोड आले, मग फोड फुटले, मग हातच लाकूडतोड्याचा झाला. जवळच्या पाड्यातली एक पावरा बाई रोज गुरं घेऊन यायची. तिची बोली मला येत नव्हती, माझी तिला अर्धीमुर्धी. ती चारोळ्या आणायची, मी भाकरीवर मिरचीचा ठेचा द्यायची. ठेचा तोंडात टाकून ती डोळे पुसायची आणि हात पुन्हा पुढे करायची. गाऱ्याने आम्ही पालापुढे अंगणही सारवलं. अशी ऐट मी पुढे माडीच्या घरातसुद्धा मिरवली नाही.

एका सकाळी माय भाकऱ्या करत होती. परातीवर थाप पडत होती, दुसरा कसलाच आवाज नव्हता. मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले.

"माय, तुमी खोकल्या नहीत."

"धूर कोठे शे आठे, खोकाले?" ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी तिच्याकडे पाहतच राहिले. घरचं आमचं स्वयंपाकघर म्हणजे एक दार आणि चार भिंती. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या पेटल्या की समोरचं माणूस दिसत नसे. मी त्यात दोन वर्षं काढलेली. मायने सगळा जन्म काढलेला. घर बांधताना मागच्या भिंतीत खिडकी ठेवावी असं तिने म्हटलं होतं, तर सासरे म्हणाले होते, मागच्या गल्लीतून येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या बायका दिसतील. विषय तिथेच संपला.

"मंग तुमी सांगं का नही?"

"सांगू कोनले?"

मला इतका राग आला की मी तडक उठून लाकडं फोडायला घेतली. गरज नसताना फोडली. चार दिवसांनी वळवाचा वारा सुटला, चूल पालात घ्यावी लागली, आणि पहिल्या फुंकरीलाच मायचा खोकला परत आला. वारा पडला, चूल बाहेर गेली, खोकलाही गेला. आता शंकाच उरली नाही. डोंगराच्या हवेने तिला उभं केलं असेल, पण पाडलं होतं ते आमच्याच घराच्या भिंतीने.

आखाजी तोंडावर आली आणि सासरे आले. घोड्याला लगामाने ओढत घाट चढून आले होते. त्यावर खोगीर चढवलेलं, मायला बसवून न्यायला. अंगण पाहिलं, झाडाला वाळत घातलेली लुगडी पाहिली, कपाळाला आठी घातली. दिराने घोडा धरला. माय तळ्यावर गेली होती.

थोड्या वेळाने ती चढ चढून येताना दिसली. डोक्यावर भरलेली घागर. झोळीतून वर आणलेली बाई थांबली नाही, झाडाला धरलं नाही. सासरे उठून उभे राहिले. घागर खाली उतरेपर्यंत ते खोकल्याची वाट पाहत होते.

"हवा चांगली शे आठली," शेवटी ते म्हणाले.

तोवर मी सासऱ्यांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर पुढे ओढला आणि बोलले. "हवा नही. घरमा धूर शे. भित बंद शे."

दीर घोड्यामागे गेला. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते मायला म्हणाले, सामान बांध, उद्या निघायचं.

माय चुलीकडे वळली. तिने आणखी तीन दगड उचलून पालात मांडले, निखारे आत नेले, वर ओलसर काड्या घातल्या आणि दाराचं कापड खाली सोडलं. "या, आत बठा," ती आतून म्हणाली. "भाकर करस."

सासरे आत गेले. मी बाहेर उभी होते. आधी तिचा खोकला ऐकू आला, तोच जुना, छाती फाडणारा.  आत जाऊन तिला ओढून काढावं असं वाटलं, आणि मी तसं केलेलं तिला चाललं नसतं हेही कळत होतं. मग सासऱ्यांचा खोकला सुरू झाला. दोघं खोकत होती आणि मध्ये परातीवर थाप पडत होती. शेवटी सासरे दाराचं कापड बाजूला सारून बाहेर आले, डोळे लालबुंद, नाकातोंडातून पाणी. त्यांच्या मागून माय आली आणि आंब्याला टेकून बसली. मी तिची पाठ चोळली. बराच वेळ लागला.

सासऱ्यांनी घागरीतलं पाणी तोंडावर मारलं. ते मायकडे पाहत राहिले, ती अजून श्वास जुळवत होती. मग ते घोड्याकडे गेले, पट्टा सोडला आणि खोगीर खाली ठेवलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मांगली भित कोनता अंगे फोडू?"

सगळ्या आयुष्यात त्यांनी तिला काही विचारलं असेल तर ते हे. मायला उत्तर पाठ होतं, घर बांधल्यापासून पाठ होतं. पण तिने मुळीच घाई केली नाही. निखारे बाहेरच्या चुलीत आणवले, परात पुढे ओढली, पिठाचा गोळा हातात घेतला.

"बठा," ती म्हणाली. "भाकर खा. मंग सांगसू."

आणि सासरे बसले.